टर्बाइनच्या पात्यांकडे येणारा सीमास्तर किती हानी करतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सीमास्तर, म्हणजे भिंतीलगत घर्षणाने मंदावलेला वायूचा थर, या एकाच विषयाभोवतीची होती, म्हणून या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, पण पुढची उत्तरे त्यावरच उभी असल्याने ते तोडले नाही.

प्रश्न: मी यांत्रिक अभियांत्रिकीचा पदव्युत्तर विद्यार्थी असून टर्बाइनच्या पात्यांच्या कॅस्केडवर, म्हणजे सरळ रांगेत मांडलेल्या स्थिर पात्यांवर, वातबोगद्यात प्रयोग करत आहे. पात्यांच्या बऱ्याच अलीकडे तळाच्या भिंतीवर तार चिकटवून मी येणारा सीमास्तर जाड केला, तेव्हा पात्यांच्या पलीकडे मोजलेली एकूण दाबाची हानी वाढली. ही वाढ दुय्यम प्रवाहामुळे, म्हणजे मुख्य प्रवाहाला आडव्या वाहणाऱ्या प्रवाहामुळे, झाली, असे माझे मार्गदर्शक म्हणतात. मला मात्र वाटते की जाड सीमास्तरात जी हानी आधीच होऊन गेली होती, तीच मी पलीकडे पुन्हा मोजली असावी. यातले खरे काय, आणि प्रबंधात कोणता आकडा द्यावा?

उत्तर: आपली शंका रास्त आहे आणि मार्गदर्शकांचे म्हणणेही चुकीचे नाही. आपण मोजलेल्या आकड्यात दोन्ही गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय सीमास्तराच्या जाडीविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. या क्षेत्रातील जुन्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, याचे एक मोठे कारण हेच आहे, असे माझे मत आहे.

आधी हानी म्हणजे काय ते निश्चित करू. वाहता वायू ऊर्जा न गमावता थांबवला तर जो दाब मिळेल, त्याला एकूण दाब म्हणतात. स्थिर पात्यांमधून जाताना उष्णतेची देवाणघेवाण होत नसेल, तर एकूण दाबातली घट ही एन्ट्रॉपीच्या, म्हणजे कामासाठी कायमची निरुपयोगी झालेल्या ऊर्जेच्या मापाच्या, वाढीचेच दुसरे रूप असते. टर्बाइनमधील प्रत्येक हानी शेवटी एन्ट्रॉपीच्या निर्मितीतच मोजली पाहिजे, हा आग्रह संशोधक डेंटन यांनी १९९३ मध्ये सविस्तर मांडला आणि तो आज सर्वमान्य आहे. एन्ट्रॉपी एकदा निर्माण झाली की ती प्रवाहाबरोबर पुढे वाहत जाते, नाहीशी होत नाही. म्हणूनच आपल्या वातबोगद्याच्या तळभिंतीवर घर्षणाने जी एन्ट्रॉपी निर्माण झाली, ती पात्यांच्या पलीकडच्या मोजणीत दिसणारच.

आता प्रत्यक्ष आकारमान पाहू. समजा, हवेचा वेग सेकंदाला २० मीटर आहे आणि पात्यांच्या आधी १.५ मीटर लांबीची सपाट भिंत आहे. या लांबीवर आधारलेला रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाच्या जडत्वाचे घर्षणाशी असलेले गुणोत्तर, सुमारे २० लाख येतो आणि सीमास्तर पहिल्यापासून प्रक्षुब्ध, म्हणजे आत सतत घुसळण असलेला, असेल, तर त्याची जाडी साधारण ३० मिलिमीटर भरते. ही जाडी ऐकायला मोठी वाटते, परंतु प्रक्षुब्ध सीमास्तरातील वेग भिंतीपासून थोड्याच अंतरावर बराच वाढलेला असतो. वेग अंतराच्या एकसप्तमांश घातांकाप्रमाणे बदलतो असे धरले, तर भिंतीपासून ३ मिलिमीटरवर, म्हणजे जाडीच्या एकदशांश उंचीवर, वेग मुक्त प्रवाहाच्या, म्हणजे सीमास्तराबाहेरच्या प्रवाहाच्या, ७२ टक्के असतो. गतिज दाब, म्हणजे एकूण दाबातला वेगामुळे मिळणारा भाग, वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने तो मात्र ५२ टक्केच उरतो. पुढच्या सर्व घडामोडींचे मूळ या ७२ आणि ५२ या आकड्यांमध्ये आहे.

दोन पात्यांमधल्या वळणदार मार्गातून प्रवाह वळतो, तेव्हा एका पात्याच्या खोलगट बाजूकडे दाब जास्त आणि समोरच्या पात्याच्या फुगीर बाजूकडे दाब कमी असतो. हा दाबातला फरक मधल्या वेगवान प्रवाहाला आवश्यक तेवढ्या वर्तुळात फिरवतो. सीमास्तर पातळ असल्यामुळे हाच दाबफरक भिंतीपर्यंत जवळजवळ तसाच पोहोचतो, पण तिथला वायू मंद असतो. जाडीच्या एकदशांश उंचीवरच्या वायूला तोच दाबफरक जवळजवळ निम्म्या त्रिज्येच्या वळणात ओढतो, कारण वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. परिणामी भिंतीलगतचा वायू मुख्य प्रवाहापेक्षा अधिक वळून खोलगट बाजूकडून फुगीर बाजूकडे आडवा सरकतो, आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी वरच्या थरांना उलट दिशेने जावे लागते. नदीच्या वळणावर तळाचे मंद पाणी आतल्या काठाकडे गाळ वाहून नेते, त्यामागेही हीच क्रिया असते. जेम्स थॉमसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात नदीच्या वळणांचे हेच स्पष्टीकरण दिले होते. टर्बाइनच्या मार्गात या आडव्या सरकण्यातून जो मोठा भोवरा तयार होतो त्याला मार्ग-भोवरा म्हणतात.

याच्याही आधी, पात्याच्या अग्रधारेपाशी, म्हणजे प्रवाहाकडच्या कडेपाशी, दुसरी घटना घडते. मुक्त प्रवाह अग्रधारेवर थांबतो तेव्हा तिथे त्याचा पूर्ण गतिज दाब जमा होतो, पण भिंतीलगतच्या वायूजवळ निम्माच गतिज दाब असल्याने खाली दाब कमी राहतो. वरच्या जास्त दाबाकडून खालच्या कमी दाबाकडे प्रवाह अग्रधारेवरून उतरतो, भिंतीवर आपटून उलटा फिरतो आणि येणाऱ्या सीमास्तराची गुंडाळी होऊन नालाकृती भोवरा तयार होतो. त्याचे दोन पाय पात्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे जातात. खोलगट बाजूचा पाय आडव्या प्रवाहाबरोबर मार्ग ओलांडून शेजारच्या पात्याच्या फुगीर बाजूकडे जातो आणि मार्ग-भोवऱ्यात मिसळतो, कारण दोघांची फिरण्याची दिशा एकच असते. फुगीर बाजूचा पाय उलट दिशेने फिरतो आणि मार्ग-भोवऱ्याच्या काठाला लागून लहानच राहतो.

१९७७ मध्ये लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आकाराच्या कॅस्केडवर केलेल्या मोजमापांतून हे चित्र स्पष्ट झाले. त्यातली एक गोष्ट आपल्या प्रश्नासाठी विशेष महत्त्वाची आहे. येणारा सीमास्तर भिंतीवर तसाच पुढे जात नाही. नालाकृती भोवऱ्याच्या खुणेची रेषा भिंतीवर जिथे आडवी जाते, तिथे तो भिंतीपासून सुटतो, भोवऱ्यात ओढला जातो आणि त्या रेषेच्या पलीकडे भिंतीवर एक नवा, अतिशय पातळ सीमास्तर सुरू होतो. म्हणजे पात्यांमधल्या भिंतीच्या मोठ्या भागावरचे घर्षण या नव्या स्तराचे असते आणि अलीकडचा स्तर जाड होता की पातळ, याचा त्याच्याशी संबंध थोडाच असतो. काजळी आणि तेल यांचे मिश्रण भिंतीवर लावून प्रवाह चालू केला, तर ही रेषा डोळ्यांनी दिसते. आपण हा प्रयोग अजून केला नसेल तर जरूर करावा, कारण दाबाच्या शेकडो नोंदींतून जे सहज लक्षात येत नाही ते त्या एका चित्रात दिसते.

मग जाडीमुळे बदलते तरी काय? येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सीमास्तरातली भ्रमिलता, म्हणजे वायूच्या स्थानिक फिरण्याचे माप, ही वेगाच्या उंचीनुसार होणाऱ्या बदलाइतकी असते, आणि तिची भिंतीपासून स्तराच्या माथ्यापर्यंत बेरीज केली तर ती मुक्त प्रवाहाच्या वेगाइतकीच येते, मग स्तर ३ मिलिमीटर जाडीचा असो की ३० मिलिमीटर. स्क्वायर आणि विंटर यांनी १९५१ मध्ये दाखवले की प्रवाह लहान कोनातून वळतो तेव्हा प्रवाहाच्या दिशेतली दुय्यम भ्रमिलता ही मूळ भ्रमिलतेच्या आणि वळणाच्या कोनाच्या गुणाकाराच्या दुप्पट असते. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर असे दिसते की जाड स्तर अधिक भ्रमिलता आणत नाही, तो तीच भ्रमिलता भिंतीपासून दूर पसरवतो. भिंतीला चिकटून असलेल्या भोवऱ्याचा परिणाम भिंतीमुळेच बराचसा दबला जातो, पण तोच भोवरा भिंतीपासून दूर गेला की अधिक वायूला आडवी गती देऊ शकतो. म्हणून जाडी वाढली की दुय्यम प्रवाहातली गतिज ऊर्जा वाढते, आणि ही ऊर्जा पुढे मिश्रणात जवळजवळ सगळी वाया जाते. आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे या अर्थाने खरे आहे.

डनहॅम यांनी १९७० मध्ये उपलब्ध कॅस्केडच्या नोंदी तपासून दुय्यम हानीसाठी जे सूत्र सुचवले, त्यातल्या जाडीच्या घटकातही हेच दिसते. त्या घटकात ०.००५५ हा स्थिर आकडा आहे आणि त्यात ०.०७८ गुणिले विस्थापन-जाडी (मंद वायूमुळे मुख्य प्रवाह भिंतीपासून जेवढा दूर ढकलला जातो ते अंतर) व जीवा (पात्याची अग्रधारेपासून मागच्या कडेपर्यंतची लांबी) यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ मिळवायचे असते. वरच्या उदाहरणात विस्थापन-जाडी सुमारे ३.८ मिलिमीटर येते. जीवा २०० मिलिमीटर धरली तर तो घटक साधारण ०.०१६३ होतो, आणि जाडी दुप्पट केली तर ०.०२०७. म्हणजे स्तर दुप्पट जाड होऊनही दुय्यम हानी सुमारे सव्वापटच होते, आणि स्तर शून्य मानला तरीही ती शून्य होत नाही. आजच्या पात्यांसाठी या सूत्रावर डोळे झाकून विसंबू नये, पण कल दाखवण्यासाठी ते पुरेसे आहे.

आता आपल्या शंकेकडे येऊ. अलीकडून आलेली हानी वजा करायची तर ती कोणत्या मापाने, हे आधी ठरवावे लागते. समजा, मुक्त प्रवाह सेकंदाला ५० मीटरने आत येतो आणि १०० मीटरने बाहेर जातो. सीमास्तरातला ३६ मीटर वेगाचा वायू त्याच दाबफरकातून गेला, तर त्याच्या वेगाच्या वर्गातही तेवढीच, म्हणजे ७,५०० ची भर पडते आणि तो सुमारे ९४ मीटर वेगाने बाहेर पडतो. आत येताना दोन्ही वेगांमधला फरक १४ मीटर होता, तो बाहेर ६ मीटरच्या आसपास उरला. मिश्रणातून होणारी हानी वेगातल्या फरकाच्या वर्गाप्रमाणे असल्याने ती जवळजवळ पाचव्या हिश्शावर येते. टर्बाइनमधला प्रवाह वेग घेत असल्यामुळे सीमास्तराचा हा दोष मोठ्या प्रमाणात भरून निघतो. वायू दाबणाऱ्या कंप्रेसरमध्ये याच्या नेमके उलट घडते: तिथे १०० वरून ७० मीटरपर्यंत मंदावणाऱ्या प्रवाहातला ७२ मीटरचा वायू हिशेबाने ९ मीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ थांबतोच. कंप्रेसरवरचे अनुभव टर्बाइनला लावताना म्हणूनच फार सावध राहावे लागते.

या कारणाने प्रबंधात एकच आकडा देऊ नये. पात्यांच्या पलीकडच्या प्रतलात मोजलेली, वस्तुमानाने भारित केलेली (वाहत्या वस्तुमानाच्या प्रमाणात सरासरी काढलेली) एकूण हानी आधी द्यावी. त्यानंतर अलीकडच्या सीमास्तरातील एकूण दाबाची तूट त्याच वस्तुमान-प्रवाहासाठी आणि त्याच निर्गम-गतिज दाबाच्या संदर्भात काढून वजा करावी. जे उरते ती निव्वळ हानी. त्यातून पात्याच्या मध्यभागी मोजलेली पात्याच्या पृष्ठभागाची हानी वगळली की भिंतीशी संबंधित निव्वळ हानी मिळते. जाड आणि पातळ स्तरांच्या प्रयोगांत आपला पहिला आकडा ठळकपणे बदलेल, शेवटचा बहुधा बराच कमी बदलेल, आणि या दोन बदलांमधला फरकच आपल्या प्रश्नाचे उत्तर असेल. पलीकडचे प्रतल पात्यांच्या पश्चधारेपासून, म्हणजे मागच्या कडेपासून, किती अंतरावर आहे हेही लिहावे, कारण जवळच्या प्रतलात दुय्यम प्रवाहाची गतिज ऊर्जा अजून वाया गेलेली नसते आणि हानी कमी दिसते. पंचछिद्री प्रोबने, म्हणजे टोकाला पाच छिद्रे असलेल्या दाबमापक नळीने, दिशाही मोजली असेल तर संपूर्ण मिश्रणानंतरची हानी गणिताने काढता येईल.

आणखी एक विनंती आहे. सीमास्तराचे वर्णन केवळ त्याच्या एकूण जाडीने करू नका. स्तराचा माथा कुठे संपतो हे ठरवणे बरेचसे मोजणाऱ्यावर अवलंबून असते. विस्थापन-जाडी, संवेग-जाडी (मंद वायूतली संवेगाची तूट दाखवणारी जाडी) आणि त्यांचे गुणोत्तर हे तिन्ही द्यावे. तारेमागचा स्तर आणि लांब भिंतीवर नैसर्गिकपणे वाढलेला स्तर यांची एकूण जाडी सारखी असूनही त्यांच्यातील वेगाची रचना वेगळी असू शकते, विशेषतः तार पात्यांच्या फार जवळ असेल तर.

प्रश्न: मी वीजनिर्मिती केंद्रात स्टीम टर्बाइनच्या देखभालीचे काम करतो. आमच्या यंत्रात स्थिर पाती आणि फिरती पाती एकाआड एक असतात. सपाट, स्थिर भिंतीवर केलेल्या अशा प्रयोगांचा या यंत्राशी कितपत संबंध लागतो?

उत्तर: संबंध लागतो, परंतु एक मोठी गोष्ट त्या प्रयोगांत नसते. कॅस्केडमध्ये भिंतीलगतचा वायू मुक्त प्रवाहाच्याच दिशेने, केवळ कमी वेगाने येतो. प्रत्यक्ष यंत्रात स्थिर पात्यांच्या मागे तयार झालेला असा स्तर फिरत्या पात्यांकडे जातो, तेव्हा फिरत्या पात्यांच्या दृष्टीने त्याची दिशाच बदलते. मुक्त प्रवाहाचा स्पर्शरेषीय वेग मोठा असल्याने त्यातून पात्यांचा वेग वजा केला तरी प्रवाह योग्य कोनात येतो, पण भिंतीला लागून असलेल्या जवळजवळ स्थिर वायूतून तोच वेग वजा केला, तर तो पात्यांच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने, आडवाच येताना दिसतो. यालाच तिरका सीमास्तर म्हणतात.

हा तिरकेपणा नेमका कोणत्या दिशेने असतो? टर्बाइनचे पाते फुगीर बाजू पुढे ठेवून फिरते, कारण वायूचा जोर खोलगट बाजूकडून फुगीर बाजूकडे असतो. फिरण्याच्या विरुद्ध दिशा म्हणजे मार्गातल्या पुढच्या पात्याच्या खोलगट बाजूकडून मागच्या पात्याच्या फुगीर बाजूकडची दिशा, आणि दुय्यम प्रवाह भिंतीवर याच दिशेने सरकत असतो. त्यामुळे टर्बाइनमधला नैसर्गिक तिरकेपणा दुय्यम प्रवाहाला बळ देतो. फिरत्या हबवरून, म्हणजे पाती बसवलेल्या मधल्या भागावरून, पुढच्या स्थिर पात्यांकडे जाणाऱ्या स्तराचा विचार केला तरी निष्कर्ष हाच येतो. कंप्रेसरचे पाते मात्र खोलगट बाजू पुढे ठेवून फिरत असल्याने तिथे हाच तिरकेपणा दुय्यम प्रवाहाला विरोध करतो. सपाट, स्थिर भिंतीचा कॅस्केड म्हणूनच टर्बाइनमधील भिंतीलगतच्या हानीचा अंदाज कमी देण्याकडे झुकतो, आणि ती कमतरता भरून काढण्यासाठी काही संशोधकांनी कॅस्केडच्या अलीकडे भिंतीचा पट्टा फिरता ठेवून प्रयोग केले आहेत.

आपल्या कामाच्या दृष्टीने याहून जवळची गोष्ट म्हणजे गळती. पात्यांच्या टोकांवरील आच्छादनावरून किंवा डायफ्रॅमच्या, म्हणजे स्थिर पाती धरणाऱ्या चकतीच्या, सीलमधून गळालेली वाफ पुन्हा मुख्य प्रवाहात शिरते, तेव्हा तिचा स्पर्शरेषीय वेग मुख्य प्रवाहाशी जुळत नाही. गॅस टर्बाइनमध्ये डिस्कच्या पोकळीतून मुद्दाम सोडलेली थंड हवाही तशीच असते. हा न जुळणारा वायू नेमका भिंतीलगतच्या स्तरात मिसळतो, त्याचा तिरकेपणा वाढवतो आणि मार्ग-भोवरा अधिक मोठा करतो. सील झिजले की केवळ तेवढी वाफ काम न करता निसटते, असा हिशेब अनेकदा केला जातो. त्यात पुढच्या रांगेतील ही वाढीव हानी धरलेली नसते आणि मिश्रणाची हानीही सुटते. दुरुस्तीच्या वेळी सीलच्या फटी मोजताना त्यांच्याशेजारच्या कडा, म्हणजे स्थिर व फिरत्या भागांच्या भिंतींमधल्या पायऱ्यांची उंची, हीसुद्धा नोंदवून ठेवावी. प्रवाहाकडे तोंड करून उभी असलेली लहानशी पायरीदेखील त्या ठिकाणी सीमास्तराची रचना बदलून टाकते.

प्रश्न: लांब पात्यांना हा प्रश्न भेडसावतो का?

उत्तर: फारसा नाही. भिंतीलगतचे भोवरे पात्याच्या उंचीचा ठराविकच भाग व्यापतात, त्यामुळे उंची वाढली की त्यांचा वाटा घटतो. स्टीम टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातील पाती एक मीटरपेक्षा लांब असू शकतात आणि तिथल्या मुख्य चिंता ओलावा व स्वनातीत प्रवाहाच्या असतात. उच्चदाब भागातील पाती मात्र आखूड असतात आणि तिथे भिंतीलगतची हानी एकूण हानीच्या एकतृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिकही असू शकते. ज्या रांगेत प्रवाह वेग न वाढवता केवळ वळतो, अशा आवेग-प्रकारच्या रांगेत हा वाटा आणखी वाढतो, कारण वर सांगितलेली वेगवाढीची मदत तिथे मिळत नाही.

प्रश्न: पुढच्या पात्यांवर मागच्या पात्यांचा शेव, म्हणजे पश्चधारेमागचा मंद प्रवाहही आदळतो. तोही येणारा सीमास्तरच म्हणायचा का, आणि त्यानेही हानीच होते का?

उत्तर: उगमाच्या दृष्टीने तो सीमास्तरच आहे. पात्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरचे सीमास्तर पश्चधारेपाशी एकत्र येऊन मागे वाहत जातात, तोच शेव. भिंतीवरचा स्तर पात्याच्या दोन टोकांपाशीच राहतो, तर शेव पात्याच्या संपूर्ण उंचीवर आणि ठराविक कालांतराने आदळत राहतो. म्हणून त्याचा मुख्य परिणाम पुढच्या पात्याच्या स्वतःच्या सीमास्तरावर होतो.

तो परिणाम नेहमी वाईटच असतो असे नाही. विमानाच्या इंजिनातील कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये, उंचीवर उड्डाण करताना, रेनॉल्ड्स अंक एक लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जातो. एवढ्या कमी अंकाला फुगीर बाजूवरचा स्तर बराच वेळ स्तरीय, म्हणजे घुसळण नसलेला, राहतो, पश्चधारेकडच्या वाढत्या दाबात तो पृष्ठभागापासून सुटतो आणि मोठी हानी होते. शेव आदळला की त्याच्यातील प्रक्षोभामुळे स्तर वेळेआधीच प्रक्षुब्ध होतो, आणि असा स्तर वाढत्या दाबाला अधिक तोंड देऊ शकतो. शेव निघून गेल्यावरही काही काळ पृष्ठभागावर एक शांत पट्टा राहतो, ज्यात घर्षण कमी असूनही स्तर सुटत नाही. एक शेव आणि पुढचा शेव यांच्यामधला काळ या पट्ट्याने भरून निघाला, तर एकूण हानी शेवाविनाच्या हानीपेक्षा कमी होऊ शकते. १९९० च्या दशकात या अभ्यासाच्या आधारे प्रत्येक पात्यावर अधिक भार टाकून पात्यांची संख्या आणि वजन कमी करण्याचे यशस्वी प्रयत्न झाले. प्रवाहातील प्रत्येक व्यत्यय हा हानीचा स्रोत मानणाऱ्यांना हा निष्कर्ष प्रथम पटत नाही, पण तो प्रयोगांनी पक्का झालेला आहे.

प्रश्न: मी निवृत्त अभियंता आहे. सीमास्तर हेच मूळ असेल, तर भिंतीतून तो शोषून काढून टाकणे हा सरळ उपाय नाही का? आणि दुसरे कोणते उपाय वापरात आहेत?

उत्तर: वापरात असलेल्या उपायांमध्ये भिंतीला आकार देणे हा मला सर्वांत विचारपूर्वक केलेला उपाय वाटतो. पात्यांमधली भिंत सपाट न ठेवता खोलगट बाजूजवळ थोडी उंचवायची आणि फुगीर बाजूजवळ थोडी खोल करायची. उंचवट्यावरून जाताना वायूचा वेग वाढून तिथला दाब उतरतो, खोल केलेल्या भागात वेग घटून दाब चढतो, आणि भिंतीलगतचा आडवा दाबफरक कमी होतो. पात्याच्या मध्यभागी जे वळण हवे आहे त्याला मात्र धक्का लागत नाही. डरहॅम विद्यापीठातील कॅस्केडवर यावर दीर्घकाळ काम झाले आणि रोल्स-रॉइसच्या ट्रेंट ५०० इंजिनाच्या टर्बाइनमध्ये अशा भिंती वापरल्या गेल्या. कार्यक्षमतेत मिळणारी वाढ एका टक्क्यापेक्षाही कमी असते, तरीही एवढ्या प्रगत यंत्रात ती मोलाची असते. अडचण अशी की भिंतीचा आकार एका विशिष्ट येणाऱ्या स्तरासाठी निवडलेला असतो. प्रत्यक्षात गळतीची हवा आणि तिरकेपणा वेगळा निघाला, तर अपेक्षित लाभ घटतो. अग्रधारेच्या पायथ्याशी गोलाई देऊन नालाकृती भोवरा दुबळा करणे आणि पात्याला उभ्या रेषेपासून थोडे झुकवणे हेही उपाय आहेत. झुकवल्याने भिंतीलगतचा भार कमी होतो, मात्र तो मध्यभागी सरकतो. भिंतीवर लहान कुंपण उभारून आडवा प्रवाह अडवण्याचे प्रयोगही झाले आहेत, परंतु गरम वायूत ते टिकवणे आणि थंड ठेवणे कठीण असते.

शोषून काढण्याविषयी आपला तर्क सरळ आहे, पण हिशेब त्याच्या बाजूने लागत नाही. शोषून घेतलेला वायू आधीच दाबलेला आणि तापवलेला असतो, म्हणजे त्याच्यावर ऊर्जा खर्च झालेली असते, आणि टर्बाइनमध्ये काम न करता तो बाहेर गेला तर ती ऊर्जा गेली. शिवाय स्तरात जी एन्ट्रॉपी निर्माण झाली आहे, ती शोषल्याने परत मिळत नाही, फक्त दुसऱ्या वाटेने जाते. काढलेल्या स्तराच्या जागी पात्यांमधल्या भिंतीवर नवा स्तर लगेच सुरू होतोच, आणि मार्गातला दाबफरक तसाच असल्याने तोही फुगीर बाजूकडे सरकतोच. डनहॅम यांच्या सूत्रातला तो स्थिर आकडा आपल्याला हेच सांगतो. प्रयोगशाळेत मात्र शोषणाचा चांगला उपयोग होतो. कॅस्केडच्या अगदी अलीकडे भिंतीत बारीक फट ठेवून जुना स्तर काढून घेतला, तर येणारा स्तर जवळजवळ शून्य असतानाची हानी मोजता येते, आणि जाडी वाढवून घेतलेल्या पुढच्या सर्व मोजमापांना त्यामुळे एक पक्का तळ मिळतो. पहिला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने तारेबरोबर अशी एक फटही करून घ्यावी.